दव न पडलेली सकाळ



क्षेत्रकौशल्याच्या पहिल्या तासाला मी तुम्हाला दरवर्षी एकच काम देतो. मैदानाच्या कडेला दहा मिनिटे गप्प बसायचे आणि जे दिसले, जे ऐकू आले ते वहीत लिहायचे. वह्या गोळा केल्या की निम्म्यांत साधारण एकच वाक्य सापडते : झाडे होती, पक्षी होते, हवा छान होती. मी त्यावर रागावत नाही. मी स्वतः सैन्यात काही वर्षे काढल्यानंतरही आमच्याच शेतात उभा राहून अगदी असेच पाहिले होते. "हवा छान आहे" असे मी त्या दिवशी मोठ्याने बोललोही होतो. ती गोष्ट आज मराठी पानावर लिहितो आहे. तुमच्यापैकी पुष्कळांचे बालपण छावणीच्या क्वार्टरमध्ये गेले आहे आणि आजोळचे शेत फक्त मे महिन्यात, म्हणजे उघडेबोडके असताना, पाहिलेले आहे. फाल्गुनातले शेत तुम्ही पाहिलेलेच नाही. म्हणून आधी शेताची ओळख करून देतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे; तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशे पडला तर लोक ते साल चांगले म्हणतात. सह्याद्री ढग अडवतो आणि आम्ही त्याच्या पाठीमागच्या पर्जन्यछायेत येतो, हे भूगोलात तुम्ही शिकला आहात. आमची जमीन दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे. त्यात पन्नास गुंठे शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, तीही मालदांडी. वीस गुंठे हरभरा. उरलेल्या दहा गुंठ्यांत विहीर, एक आंबा, गोठा, कडब्याची गंज रचायची जागा आणि आईची चार वाफे भाजी. शाळूच्या चारी कडांनी करडईच्या दोन-दोन ओळी. ही करडई तेलासाठी असतेच, पण तिचे दुसरे काम कुंपणाचे आहे. पिकल्यावर तिला इतके काटे येतात की मोकाट जनावर तोंड घालत नाही. खर्च न करता घातलेले हे काटेरी तारेचे कुंपणच.

शाळूला पावसाचे पाणी जवळजवळ मिळतच नाही. हस्ताच्या पावसाने जमीन भिजते, वाफसा आला की पाभरीने पेरायचे, आणि मग ते पीक काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या थंडीवर वाढते. माती वाळत जाते तशा तिला भेगा पडतात. भेगांतून ओल उडून जाऊ नये म्हणून कोळपणी करून त्या बुजवायच्या. एवढे केले की सुमारे एकशेवीस दिवसांनी पीक काढणीला येते. म्हणजे माघ संपता संपता आणि फाल्गुन लागता लागता.

या दिवसांत शेतातली कामे घड्याळावर चालत नाहीत. ती दवावर चालतात. हे मी तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे.

पहाटे पाचला गोठा. शेण काढणे, वैरण टाकणे, धार काढणे. उजाडायच्या आत सगळी मंडळी करडईत. करडईचे काटे दवाने मऊ पडलेले असतात आणि बोंडे फुटून दाणा सांडत नाही. तरीही हातापायांना फडकी गुंडाळावी लागतातच. ऊन वर आले की काटे सुईसारखे ताठ होतात. मग करडई सोडून द्यायची. तिथून हरभऱ्यात. हरभराही दव असेपर्यंतच उपटायचा, नाहीतर वाळलेले घाटे वाटेतच गळतात. हरभऱ्याच्या पानांवर आम्ल असते. उपटणाऱ्याच्या हातांची आग होते आणि बोटाला कुठे कापलेले असेल तर डोळ्यांत पाणी येते. पीक हिरवे असताना आई याच आम्लाचा उपयोग करायची. रात्री हरभऱ्यावर पातळ धुतलेले कापड पसरायचे, पहाटे ते दवासकट पिळायचे. त्या आंबट पाण्याला आंब म्हणतात. ती बाटलीत भरून फळीवर ठेवलेली असे, आणि आमचे पोट दुखले की चमचाभर पाजली जाई. तिच्या चवीपेक्षा पोटदुखी बरी, असे मला लहानपणी वाटे.

शाळूचा कडबा बांधण्याचे कामही सकाळचेच. उपटून पसरलेली ताटे दोन-तीन दिवस वाळली की त्यांच्या पेंढ्या बांधतात. दुपारी बांधायला गेलात तर वाळलेला पाला हातात चुरा होतो, आणि जनावर खाते तो पालाच. दवाने पाला नरम असतानाच पेंढी आवळायची. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा.

उन्हाची कामे वेगळी : उपटणे, कणसे मोडणे, वाहतूक. शाळू आमच्याकडे कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन-तीन ताटे मुठीत धरायची, जरा पिळायची आणि ओढायची. कापला तर जमिनीत धसकटे राहतात आणि ती उन्हाळाभर माणसांच्या आणि बैलांच्या पायात घुसतात. शिवाय कडब्याची वीतभर लांबीही जाते. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी फुटतात, तिसऱ्या दिवसापासून कळत नाही. ज्या कॅडेटला दोरावर चढताना हात सोलले म्हणून वाईट वाटते, त्याने एक दिवस आमच्याकडे यावे.

आता राखणीचे सांगतो. दाणा भरायला लागला की भोरड्या येतात. साळुंकीएवढे पक्षी, अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपटी काळी. एकटादुकटा पक्षी क्वचितच दिसतो. शेकड्यांनी, कधी हजारांनी थवा येतो, आणि हवेत वळताना असा वळतो की कोणी एका तोंडाने हुकूम दिला असावा. ते विणीसाठी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात जातात आणि पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे उतरतात. तिकडे ते टोळ खातात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर त्यांनी घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात, कारण टोळांवर त्यांच्यासारखा उपाय नाही. आमच्याकडे मात्र त्यांचे स्वागत गोफणीने होते. शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा, माळ्यावर राखण्या, हातात गोफण. गोफणीचा खडा पक्ष्याला लागावा अशी अपेक्षा नसते. दोरीचा चाबकासारखा फटका आणि खड्याचा पाल्यातून जाणारा आवाज, एवढ्यावर थवा उठतो. उठून शेजाऱ्याच्या शेतात बसतो. मग शेजारी उठवतो. दिवसभर हाच खेळ.

सगळे पक्षी शत्रू नसतात, हेही लिहून ठेवा. हरभऱ्यात आम्ही जागोजाग फांद्या रोवून ठेवतो, एकरी वीसेक. त्यावर कोतवाल बसतो. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा. तो तिथून झेप घेऊन घाटेअळी टिपतो आणि परत त्याच फांदीवर येऊन बसतो. एक चांगली फांदी म्हणजे एक निरीक्षण चौकी.

झाडांचेही तेव्हा वर्ष बदलत असते. कडुलिंबाची पाने पिवळी होऊन गळतात आणि आठ-पंधरा दिवसांत तांबूस पालवी फुटते. ओढ्याकाठचा पळस एकही पान नसताना केशरी फुलतो. काटेसावरीच्या फुलांवर तर भोरड्या, साळुंक्या, कावळे, खारी अशी सगळ्यांची एकच पंगत असते. विहिरीवरच्या आंब्याला मोहर असतो. तो ढगाळ हवेत काळवंडतो, म्हणून आई आकाशाकडे बघायची ती आधी आंब्यासाठी. तांबट दुपारभर टुक् टुक् करत राहतो. कोकीळ अजून मनापासून ओरडत नाही, घसा साफ करून बघते आहे असे वाटते. हे सगळे सुंदर असते. पण आमच्या घरात ते कोणी सुंदर म्हणून बघत नसे. कडुलिंब झडला का, पळस पुरता फुलला का, यावरून कामाचे दिवस मोजायचे.

आता तो प्रसंग. २०१४ सालचा फाल्गुन. मी महिन्याच्या रजेवर घरी होतो. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट झाली. तुमच्या आईवडिलांना ती आठवत असेल. वायव्येकडून येणारे पश्चिमी विक्षोभ आणि समुद्रावरून येणारे दमट वारे एकमेकांना भिडले की असे होते. आमच्या भागात तोवर काही झालेले नव्हते. इतर जिल्ह्यांच्या बातम्या आम्ही ऐकत होतो आणि त्या इतर जिल्ह्यांच्या आहेत असे मानत होतो.

आमच्या शाळूचे दोन तुकडे होते. वरचा तीस गुंठ्यांचा, मुरमाड, आधी पेरलेला. खालचा वीस गुंठ्यांचा, भारी काळ्या मातीचा. तिथे वाफसा उशिरा आला म्हणून आठ दिवस मागून पेरलेला. आबांची, म्हणजे वडिलांची, नजर तेव्हा थोडी कमी झाली होती. मंगळवारी संध्याकाळी ते मला म्हणाले, "तुजे डोळे चांगले हायत. दाणा बगून ये आणि काढणी कवा धरायची ते तूच सांग." हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितले होते.

दाणा कसा बघायचा ते मला येत होते. कणसाच्या मधला दाणा काढायचा आणि तो जिथे चिकटलेला असतो ते टोक पाहायचे. तिथे काळा ठिपका दिसला की ताटाकडून दाण्याला मिळणारी रसद बंद झाली. दाणा आता आणखी भरणार नाही, फक्त वाळणार. वरच्या तुकड्यात ठिपका स्पष्ट होता. खालच्या तुकड्यात दहातल्या चार दाण्यांनाच होता. म्हणजे वरचे शेत तयार आणि खालचे चार-पाच दिवसांवर. नोंद बरोबर होती. पण सावडीची आमची पाळी शनिवारी होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्याकडे, उद्या सगळ्यांनी माझ्याकडे. मजुरी नाही, माणसाला माणूस. शनिवारी बारा माणसे येणार होती. मी हिशेब केला की दोन वेळा काढणी धरण्यापेक्षा शनिवारी दोन्ही तुकडे एकदम उरकतील. आबांना येऊन सांगितले, "शनिवारी धरू, सगळंच तयार होतंय."

सगळे तयार नव्हते आणि सगळे कच्चेही नव्हते. मी दोन वेगळ्या नोंदींची एक नोंद केली. आबांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मुलगा फौजेत आहे, नीट बघूनच बोलत असेल, असे त्यांना वाटले.

बुधवारी दुपारी मी माळ्यावर होतो. सूर्याभोवती मोठे खळे पडले होते. तुम्हाला हाताने कोन मोजायला शिकवतो ना, हात लांब करून पंजा ताणला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सुमारे वीस अंश? खळ्याची त्रिज्या बावीस अंश असते, जवळजवळ तेवढीच. खूप उंचावरच्या पातळ ढगांतले षटकोनी हिमकण प्रकाश वळवतात, म्हणून ते दिसते. असे ढग पुष्कळदा येणाऱ्या वादळी हवेच्या पुढे पुढे चालत असतात. हे सगळे आज सांगतो आहे. त्या दिवशी मी मोबाईलवर खळ्याचा फोटो काढला आणि मित्रांना पाठवला.

गुरुवारी पहाटे आम्ही करडईत गेलो आणि दव नव्हते. काटे कोरडे, ताठ. अंगात स्वेटर नको वाटत होता. मी म्हणालो, "हवा छान आहे. होळी आली, थंडी गेली. आता दव कुठलं पडतंय?"

ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. दव थांबण्याची दोन कारणे असतात. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. पान भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, आणि त्याला टेकलेल्या हवेतले बाष्प थेंब होऊन त्यावर बसते. फाल्गुन पुढे सरकतो तशी हवा कोरडी होत जाते. थेंब होण्याइतके बाष्पच तिच्यात उरत नाही. हे झाले पहिले कारण, आणि ते निरुपद्रवी. दुसरे कारण असे की हवेत बाष्प भरपूर आहे, पण वर ढगांचे पांघरूण आले आहे. ढग जमिनीची उष्णता शोषतात आणि त्यातली बरीच परत खाली पाठवतात. पान थंड होतच नाही आणि दव पडत नाही. पाहणाऱ्याला दोन्ही सकाळी सारख्याच कोरड्या दिसतात. एक म्हणते ऋतू बदलला, दुसरी म्हणते पाऊस आला.

मी पहिले कारण गृहीत धरले, कारण मला तेच हवे होते.

आबा काही बोलले नाहीत. ते गोठ्याच्या मागे गेले. तिथे नांगर रात्रभर उघड्यावर पडलेला असतो. त्यांनी फाळावर तळहात ठेवला. निरभ्र रात्रीनंतर लोखंड गार असते, मग दव पडो अथवा न पडो. त्या सकाळी फाळ गार नव्हता. ते चुलीपाशी आले आणि आईला विचारले, "मिठाचं काय?" आईने बरणीचे झाकण काढून दाखवले. मिठाला पाणी सुटले होते. एवढी दोन माणसे, एक फाळ आणि एक बरणी. कोणाच्या हातात यंत्र नव्हते. माझ्याच हातात मोबाईल होता, पण मी त्यावर कालच्या खळ्याला कोणी काय म्हटले ते वाचत होतो.

आबा म्हणाले, "शनवार बिनवार न्हाय. आत्ता धरायचं."

तिघेच होतो. मी शेजारी दोन घरी सांगायला पळालो, पण तीही घरे आपापल्या शेतात उतरली होती. त्यांच्याकडेही दव पडलेले नव्हते. तिघांनी तीस गुंठे उपटून, वाळवून, बांधून गंज रचणे दीड दिवसात होणारे नव्हते. उपटून पसरलेली ताटे पावसात सापडली तर दाणा आणि कडबा दोन्ही जमिनीवर भिजणार. मग आबांनी तो निर्णय घेतला ज्याला मी आजही तासाला उदाहरण म्हणून सांगतो, घटनेचे नाव न सांगता. ताटे उभीच सोडायची. विळ्याने फक्त कणसे मोडायची आणि पोत्यात भरून घरात न्यायची. म्हणजे दाणा वाचवायचा आणि कडबा सोडून द्यायचा. कोरडवाहू गावात हे सोपे नाही. माण्यात शाळू जितका माणसांसाठी पेरतात तितकाच जनावरांसाठी पेरतात. उन्हाळ्यात दुसरी वैरण नसते. दोन खिलार बैल, एक गाय आणि तिचा दीड वर्षाचा खोंड गोठ्यात होते. ते काय खातील याचे उत्तर त्या क्षणी कोणी दिले नाही. आईने एकदा गोठ्याकडे पाहिले आणि विळा उचलला.

गुरुवारी अंधार पडेपर्यंत आणि शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही कणसे मोडली. शुक्रवारी तीनच्या सुमारास वारा एकदम पडला. भोरड्या दिसेनात. दिवसभर ज्यांना उठवून हात दुखले त्या आपल्या आपण कुठे गेल्या कळले नाही. आणि खरे सांगायचे तर त्या नाहीत हे माझ्या लक्षात आले ते गारा सुरू झाल्यावर. आधी मोठे थेंब, मग हरभऱ्याएवढ्या गारा, मग बोराएवढ्या. दहा-बारा मिनिटे. आम्ही बैलगाडीखाली बसलो होतो. गाडीच्या फळ्यांवरचा आवाज ऐकताना मी शनिवार या शब्दाचाच विचार करत होतो.

वरच्या तुकड्यातल्या साधारण अठरा गुंठ्यांची कणसे घरात आली होती. बाकीची ताटासह चिखलात होती. खालच्या तुकड्यातला कच्चा दाणा पुढच्या ढगाळ आठवड्यात काळा पडला. भाकरीच्या कामाचा राहिला नाही, काही कोंबड्यांना गेला. हरभऱ्याचा निम्मा भाग आधीच उपटून झाकलेला होता, तो वाचला. आंब्याचा मोहर झडला. कडबा सगळा काळा झाला. काळा कडबा जनावर भूक असेल तरच खाते, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

मंगळवारी वरचा तुकडा धरला असता तर तिघांनी आणि दोन-चार मजुरांनी तो बुधवारी रात्रीपर्यंत उपटून कणसे वेगळी केली असती. कडब्यातला काही भाग तरी गंजीत, ताडपत्रीखाली गेला असता. किती, हे मी पुष्कळदा कागदावर मांडून पाहिले आहे. प्रत्येक वेळी उत्तर थोडे वेगळे येते, पण ते शून्य कधीच येत नाही. एप्रिलमध्ये वैरण संपली तेव्हा खोंड विकावा लागला. मी तोवर युनिटला परतलो होतो. आबांनी फोनवर सांगितले ते असे : "खोंड दिला. चांगलं गिऱ्हाईक मिळालं." मंगळवारचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही, नंतरही कधी काढला नाही.

आता वहीचे काम. येत्या महिनाभर प्रत्येकाने रोज पहाटे पी. टी.ला जाण्याआधी एक ओळ लिहायची आहे : दव पडले की नाही. गवतावर हात फिरवून बघा, लांबून बघून लिहू नका. पडले नसेल तर फ्लॅगपोलच्या लोखंडाला हात लावा आणि ते गार होते की नाही ते लिहा. मग वर बघा आणि आकाश लिहा. कारण लिहू नका. "ऋतू बदलला", "हवा छान", "पाऊस येणार" असले काहीही त्या ओळीत नको. कारणासाठी पानाच्या उजवीकडे वेगळा रकाना ठेवा आणि तो संध्याकाळी भरा. सकाळी जे पाहिले आणि संध्याकाळी जे वाटले ते एका वाक्यात मिसळले की काय होते ते तुम्ही आत्ताच वाचले. दोन जागांची पाहणी केली असेल तर दोन ओळी लिहा, सरासरी काढू नका. ही सूचना नकाशावाचनाच्या वहीलाही लागू आहे.

झाडासाठी मेसच्या मागची काटेसावर घ्या. इथले लोक तिला सेमल म्हणतात. पहिले फूल, पूर्ण बहर, पहिली पालवी, एवढ्या तीन तारखा. फुलांवर कोण येते ते आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बसून लिहा. पक्ष्याचे नाव येत नसेल तर रंग, आकार आणि तो काय करत होता ते लिहा. नाव नंतर शोधता येते. आणि एप्रिलमध्ये तुती पिकतात तेव्हा डोळे उघडे ठेवा. गुलाबी-काळ्या पक्ष्यांचे थवे इथून जातील. इकडे त्यांना तिलियर म्हणतात. त्या आमच्याच भोरड्या. दक्षिणेतले शाळू खाऊन त्या आता टोळ खायला निघालेल्या असतात. मागच्या वर्षी परेड ग्राउंडवर त्यांचा थवा वळला तेव्हा माझा उजवा हात नकळत गोफणीसाठी वर गेला होता, आणि पुढच्या रांगेतल्या दोन कॅडेटनी तो इशारा समजून पाऊल बदलले होते.

पालकांना एक विनंती. मुलाने सुट्टीत घरी आल्यावर पहाटे उठून गवताला हात लावला तर त्याला हसू नका. जमले तर त्याच्याबरोबर जा आणि तुमच्या गावाकडे असल्या सकाळीला काय म्हणत ते त्याला सांगा. भाऊसाहेब-काकासाहेब जे कोणी शेती करत असतील त्यांना फोन लावून द्या. या पानाला अशा नोंदी हव्या आहेत.

आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. शेत भावाने अर्धलीने दिले आहे, पण शाळू अजून मालदांडीच आहे. माघ लागला की रोज पहाटे साडेपाचला माझा फोन वाजतो. तब्येत, पैसे, नातवंडे हे सगळे रविवारच्या फोनवर. या फोनवर ते फक्त तिकडचे दव सांगतात आणि इकडचे विचारतात. या सोमवारी म्हणाले, "पडलंय, पाय भिजले." मी म्हणालो, "आबा, इकडं न्हाय पडलं." पलीकडून लगेच प्रश्न आला, "फाळ बगितला का?" इथे फाळ नाही. मी चप्पल घातली आणि फ्लॅगपोलकडे निघालो.